पीयूसी झालेल्या बहिणीला आता काय शिकवू? एआयमुळं घरात रोज वाद चाललाय

नंदगडकर_डीटीपी

नमस्कार मंडळी. मी नंदगडचा, खानापुरात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. धाकट्या बहिणीचं सेकंड पीयूसी म्हणजे बारावी कॉमर्समधून झालंय, मार्क चांगले पडलेत, आणि आता घरात रोज एकच विषय. बाबा म्हणतात बीसीए कर. मामा म्हणतो बीसीए केलेली पोरं घरात बसून आहेत, कोडिंग सगळं एआय करतंय, त्यापेक्षा बी.कॉम. बरं. आणि गल्लीतला एकजण येऊन सांगून गेला की बेळगावात तीन महिन्यांचा एआयचा कोर्स निघालाय, ३५ हजार फी, झाला की लगेच नोकरी. बहीण म्हणते दादा तूच सांग, आणि मला काय सांगावं कळेना.

माझ्या दुकानातच बदल दिसतोय म्हणून जास्त काळजी वाटते. आधी अर्ज, बायोडाटा, पत्रिका, कन्नड कागदाचं मराठी असं सगळं टाईप करायला माणसं यायची, पानामागं पैसे मिळायचे. आता पोरं मोबाईलवर चॅटजीपीटीकडनं अर्ज लिहून घेतात आणि माझ्याकडं नुसतं प्रिंट मारायला येतात. टायपिंगचं काम निम्म्यावर आलंय म्हटलं तरी चालेल. पण एक काम मात्र वाढलंय, ते म्हणजे तपासून देणे. आमच्याकडं जमिनीचे उतारे कन्नडमध्ये येतात आणि वयस्कर माणसं मराठी शाळेत शिकलेली, मग नातू फोटो काढून भाषांतर करतो आणि आजोबांना खात्री वाटत नाही म्हणून दोघं माझ्याकडं येतात. असंच एका उताऱ्यात क्षेत्र २-२० होतं. म्हणजे २ एकर २० गुंठे, अडीच एकर. मोबाईलनं लिहून दिलं २.२० एकर. ४० गुंठ्याचा एकर हे त्याला धरताच आलं नाही, बसल्या जागी १२ गुंठे गायब की हो. आणि ९ नंबरच्या कॉलमातला मालक आणि १२ नंबरातला कसणारा यांची नावं पण एकात एक घातलेली. वाटणीचा कागद असल्यावर असल्या चुकीवरनं भावाभावात कोर्टकचेरी होईल.

तर माझा प्रश्न असा की नोकरीच्या बाजारात आता नेमकी कसली मागणी राहणार, कसली जाणार? ज्यांना आपापल्या कामात स्वतः दिसलंय त्यांनी सांगा. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून डोकं आणखी फिरलंय.

---

उद्यमबाग_सेटर

मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी-व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनवर आहे, आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागलो, आता सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही बघतोय. आमच्यातलं सांगतो, त्यावरनं तुम्ही अंदाज घ्या.

प्रोग्रॅम लिहायला आता वेळ लागत नाही हे खरं. साधा जॉब असला तर एआयला सांगितलं की जी-कोड, म्हणजे मशिनला द्यायचा प्रोग्रॅम, देतंय. पण आमच्याकडं काही मशिनवर फानुक कंपनीचा कंट्रोलर आहे, काहीवर सीमेन्सचा. फानुकच्या लेथवर जी ७१ म्हणजे रफ टर्निंगचं सायकल, मटेरियल काढत जायचं. सीमेन्सवर तेच जी ७१ म्हणजे माप मिलिमीटरमध्ये धर एवढाच अर्थ. एआयला कंट्रोलर सांगितला नाही तर ते सरळ फानुकचं देऊन सोडतंय. नवा पोरगा ते तसंच सीमेन्सवर चढवायला गेला तर बरं असलं तर अलार्म येतो, नसलं तर टूल जाऊन जॉब धरणाऱ्या चकवर आदळतंय. आता सांगा, इथं कुणाला पगार मिळणार? कोड लिहिणाऱ्याला नाही. कोड वाचून "थांब, हे ह्या मशिनचं न्हवं" म्हणणाऱ्याला.

फौंड्रीतबी तसंच. कॅमेरा लावून कास्टिंगचं वरचं तोंड तपासायचं काम काही ठिकाणी सुरू झालंय आणि ते चांगलं चालतंय, दिवसभर डोळं फोडून बघणारा माणूस संध्याकाळी चुकतोच, कॅमेरा दमत नाही. पण आतला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, वरनं दिसत नाही, तो मशिनिंगला घेतल्यावर उघडा पडतोय. मग कारण शोधायचं. एआयला विचारलं तर दहा कारणं लिहून देतंय, सगळीच बरोबर असतात, त्यातलं आजचं कारण कुठलं ते साच्याची वाळू तपासणाऱ्या सँड लॅबमधला माणूस सांगतोय, मॉइश्चर बघून, वाळूतनं हवा किती जातेय ती परमिएबिलिटी बघून, मेटल किती गरम असताना ओतलं ते विचारून. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात वाळू कशी वागतेय हे त्याला हातानं माहीत असतंय.

मला काय म्हणायचंय तर काम कसं होतंय ते मुळापासनं कळणारा माणूस पाहिजे, आणि त्यानं एआय वापरायलाबी घाबरू नये. दोन्ही असलेली माणसं मिळेनात म्हणून आमचे मालक लोक ओरडालेत. बहिणीला कॉमर्स झालंय म्हटल्यावर आमची लाईन सांगत नाही, पण तुमच्या उताऱ्याचं उदाहरण आणि आमचं जी ७१ एकच हाय बघा.

---

शहापूरकर_पुण्यात

दादा, मी शहापूरचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे बरीच वर्षं. बीसीएबद्दल मामा म्हणतात ते अर्धं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रेशरची भरती बदललीय यात वाद नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसनं जाहीर केलं की सुमारे २ टक्के म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार. आता गंमत बघा, सगळीकडं बातमी फिरली की एआयनं खाल्ल्या नोकऱ्या, पण कंपनीच्या प्रमुखांनी कारण सांगितलं ते स्किल जुळत नसल्याचं, आणि ती कपात जास्त करून मधल्या-वरच्या लेव्हलची होती. म्हणजे नुसती वर्षं भरून चालणार नाही असा त्याचा अर्थ मी घेतो.

फ्रेशरबद्दल जास्त काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पगाराच्या नोंदी तपासून एक पेपर काढला. ज्या कामांवर एआयचा परिणाम जास्त, म्हणजे सॉफ्टवेअर, कस्टमर सर्व्हिस वगैरे, तिथं २२ ते २५ वयाच्या पोरांच्या नोकऱ्या बाकीच्यांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी खाली आल्या, आणि त्याच कामातली वयानं मोठी, अनुभवी माणसं जागच्या जागी राहिली किंवा वाढली. आकडे तिकडचे आहेत, पण आपल्याकडं इंटरव्ह्यूत मला जे दिसतंय ते त्याच दिशेचं आहे. पूर्वी आम्ही फ्रेशरला छोटी छोटी कामं द्यायचो, हा रिपोर्ट बनव, हा फॉर्म कर, ही टेस्ट लिही. ती कामं आता टूल करतं. मग फ्रेशर घ्यायचा कशाला असं मॅनेजर म्हणतो, आणि मला ते पटत नाही कारण त्याच छोट्या कामांतून आम्ही सगळे शिकलो.

इंटरव्ह्यू पण बदललाय. आधी विचारायचो प्रोग्रॅम लिहून दाखव. आता मी एआयनं लिहिलेला कोड समोर ठेवतो, वरवर एकदम स्वच्छ दिसणारा, आणि सांगतो यात चूक कुठं आहे ते शोध, आणि कुठल्या इनपुटला हा फुटेल ते सांग. बहुतेक पोरं इथंच अडकतात. ज्यांना डेटाबेस, लॉजिक, एखादी गोष्ट टप्प्याटप्प्यानं तपासत जायची सवय आहे ती पोरं पास होतात, मग ती कुठल्या कॉलेजची आहेत हे कुणी बघत नाही.

तर बीसीए करायला हरकत नाही पण पाठ करून पास व्हायचं बीसीए असेल तर नको. डेटाबेसची भाषा एसक्यूएल नीट यायला पाहिजे, स्वतः कोड लिहून स्वतः फोडून बघायला पाहिजे, पहिलं वर्षभर तरी एआयकडनं उत्तर न घेता. नंतर घ्यावं, खुशाल घ्यावं. आणि ३५ हजारांच्या कोर्सचा विचार डोक्यातनं काढून टाका कृपा करून. एआयला प्रश्न कसा विचारायचा हे शिकायला तीन महिने लागत नाहीत, आणि नोकरीची लेखी हमी कोण देतंय का विचारा त्यांना. बेसिक शिकायचं असेल तर एनपीटीईएल आणि स्वयं या सरकारी वेबसाइटांवर आयआयटीच्या मास्तरांचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच थोडी फी.

---

मच्छे_डिप्लोमा

शहापूरकर दादा तुमचं सगळं बरोबर पण अनुभवी माणूस पाहिजे म्हणता आणि अनुभव मिळायचं कामच काढून घेतलं तर आम्ही अनुभव आणायचा कुठनं? मी डिप्लोमा होऊन आठ महिने फिरालोय. प्रत्येक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. तुम्ही जे मॅनेजरचं पटत नाही म्हणून सांगितलं ते वर कुणाला तरी सांगा की, नुसतं हितं लिहून काय उपयोग.

---

शहापूरकर_पुण्यात

@मच्छे_डिप्लोमा तुझा राग रास्त आहे. मी माझ्या टीममध्ये दोन फ्रेशर मागून घेतले यंदा, भांडून घेतले. मी त्यासाठी वरच्या साहेबांकडं जो मुद्दा मांडला तो तुझ्या पण कामाचा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी पाच हजारांवर कस्टमर सपोर्टच्या माणसांचा अभ्यास केला होता, एआयची मदत दिल्यावर सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं, पण नवख्या माणसांचं ३४ टक्क्यांच्या आसपास वाढलं, आणि जुन्या मुरलेल्यांचं जवळपास काहीच नाही. म्हणजे हे टूल नवीन माणसाच्याच हातात सगळ्यात जास्त फायद्याचं, आणि आपण नवीन माणसालाच दारात थांबवतोय, हे चुकीचं आहे असं मी मॅनेजमेंटला आकडे दाखवून सांगितलं. सगळीकडं ऐकतील असं नाही.

तू अप्रेंटिसशिप बघितलीस का? डिप्लोमावाल्यांना केंद्राच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर रजिस्टर करता येतं, स्टायपेंड मिळतो आणि तो काळ कामाचा अनुभव म्हणून दाखवता येतो. कमी पैशाचं आहे, पण दार उघडतं.

---

उद्यमबाग_सेटर

मच्छेच्या भावा, ड्रॉइंग वाचता येतंय का तुला? जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवरच्या मापातल्या सुटीच्या खुणा? सीएमएमवर, म्हणजे माप घ्यायच्या मशिनवर, हात बसलाय का? असलं तर मेसेज कर. हत्तरगीला विमानाचे पार्ट करणारं एरोस्पेसचं एसईझेड (खास औद्योगिक क्षेत्र) झाल्यापासनं क्वालिटीतल्या पोरांना मागणी हाय, आमच्यातली दोघं तिकडं गेलीत. विमानाच्या पार्टला प्रत्येक मापाचा कागद ठेवायला लागतोय, आणि त्या कागदावर सही माणसाचीच लागतेय.

---

टिळकवाडी_अकौंट्स

नंदगडकर, मी बी.कॉम.वाल्या बाजूनं सांगते, मी इथंच बेळगावात टॅक्सच्या ऑफिसात काम करते, हाताखाली तीन मुली आहेत.

टॅली येतं म्हणून नोकरी, हे संपत आलंय. बिलाचा फोटो टाकला की एंट्री आपोआप पडते, बँक स्टेटमेंट आपोआप जुळतं, आमच्याकडं महिनाअखेरीला ज्या कामाला मुली रात्री आठपर्यंत बसायच्या ते आता दुपारपर्यंत होतं. त्यामुळं नुसत्या एंट्रीला आम्ही नवीन मुलगी घेत नाही. हे कडू आहे पण खरं आहे, तिला आधीच सांगून ठेवा.

पण मला मुलगी पाहिजे आहे! गेले कित्येक महिने शोधते आहे. कशासाठी ते सांगते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे टप्पे गेले, सिमेंट २८ वरनं १८ वर आलं. आमच्या एका हार्डवेअरवाल्या गिऱ्हाईकाच्या मुलानं एआयला विचारून कोटेशन केलं, त्यात सिमेंट २८ नेच लावलेलं, कारण त्याला जुनंच माहीत. इतक्या आत्मविश्वासानं लिहिलेलं असतं की शंकाच येत नाही. आमच्या ऑफिसातल्या मुलीनं ते एका नजरेत पकडलं. का पकडलं, तर तिनं नोटिफिकेशन वाचलं होतं. दुसरं, जीएसटीच्या २-बी मध्ये, म्हणजे सप्लायरनं भरलेल्या बिलांच्या यादीत, टॅक्सचं क्रेडिट दिसत नाही म्हणून नोटीस आली की सॉफ्टवेअर फक्त फरक दाखवतं. बिल टाकायचं सप्लायरनं विसरलंय, का नंबर चुकलाय, का माल यायचाच आहे अजून, हे फोन करून, माणसाशी बोलून, कधी गोड बोलून कधी दम देऊन काढून घ्यायला लागतं. असली मुलगी मिळाली तर एंट्री करणारीच्या दीडपट पगार मी द्यायला तयार आहे.

त्यामुळं बी.कॉम. करायचं तर त्याबरोबर पहिल्याच वर्षापासनं कुठल्यातरी टॅक्सच्या ऑफिसात अर्धा दिवस बसू दे. खानापूरहून बसचा खर्च पण नाही, शक्ती योजनेमुळं मुलींना सरकारी बस फुकटच आहे. कॉलेज सकाळचं घ्यावं. मच्छेचा मुलगा विचारतो तो अनुभव असाच डिग्री चालू असताना जमवायला लागतो आता, डिग्रीनंतर शोधायला गेलं की दार बंद असतं.

---

निपाणी_बाई

मी निपाणीत हायस्कूलला शिकवते. वरचं सगळं वाचलं, पटलं. एक मुद्दा कुणी नीट उचलला नाही, तो नंदगडकरांच्या प्रश्नातच आहे, भाषेचा.

आपल्याकडची मुलं घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड ऐकतात, टीव्हीवर हिंदी, पुस्तकात इंग्रजी, आणि खानापूरच्या पश्चिमेला तर कोकणी पण. तरी शाळा सोडताना एकाही भाषेत पानभर नीट लिहिता येत नाही अशी बरीच मुलं बघते आणि जीव तुटतो. आता लोक म्हणतील भाषांतर तर मोबाईल करतो, केंद्र सरकारचं भाषिणी आहे २०२२ पासनं, मग तीन भाषा कशाला. उलट आहे. भाषांतर फुकट झालं म्हणून ढीगभर भाषांतरं होऊ लागली, आणि ती बरोबर आहेत का सांगणारी माणसं तेवढीच राहिली. बँक, दवाखाना, विमा, वकील, साखर कारखान्याची ऑफिसं, सगळीकडं कन्नड कागद आणि मराठी माणूस समोरासमोर येतात आपल्या भागात. दोन्ही वाचून जबाबदारीनं "हे असं आहे" सांगणारी मुलगी कुठंही नको होणार नाही.

कन्नडचा विषय काढला की आपल्यात लगेच वाद होतो हे मला ठाऊक आहे. मी स्वतः सीमाप्रश्नात मोर्च्यांना गेलेली बाई आहे, ८६५ गावांचं दुःख मला कुणी सांगायला नको, मराठी शाळा टिकावी म्हणून आजही घरोघर फिरते. पण मुलीला कन्नड लिहिता-वाचता येणं हे तिच्या हातातलं बळ आहे. मराठी सोडून नव्हे, मराठी पक्की करून. मराठीच कच्ची असेल तर मोबाईलनं दिलेल्या मराठीतली चूक तिला कळणार कशी?

---

अनगोळकर

बाई, तुमचं पटतंय पण एक सांगतो, आमच्या पोरांनी कन्नड शिकून पण सरकारी नोकऱ्या किती मिळाल्या ते बघा. भाषा आली म्हणून काम मिळतंच असं नाही, ओळख पण लागते.

---

निपाणी_बाई

सरकारी नोकरीचं मी बोललेच नाही हो. खाजगीतलं बोलते आहे. ओळखीचं म्हणाल तर ते दुखणं जुनंच आहे, एआय यायच्या आधीपासूनचं.

---

शहापूरकर_पुण्यात

बाईंच्या बोलण्याला थोडी जोड. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमनं २०२५ च्या जानेवारीत जगभरच्या मालकांना विचारून रिपोर्ट काढला, २०३० पर्यंत १७ कोटी नव्या नोकऱ्या येतील आणि ९.२ कोटी जातील असा त्यांचा अंदाज, आणि आत्ता लागणाऱ्या स्किलपैकी ३९ टक्के बदलतील म्हणतात. अंदाज आहे, ब्रह्मवाक्य नव्हे. पण मालकांना सगळ्यात महत्त्वाचं स्किल कुठलं विचारलं तर पहिल्या नंबरला प्रोग्रॅमिंग नाही आलं, विश्लेषण करून विचार करणं आलं. म्हणजे समोर आलेलं खरं का खोटं, पुरेसं का अपुरं, हे ठरवता येणं.

---

नंदगडकर_डीटीपी

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला शेजारी बसवून पूर्ण वाचून दाखवलं. टिळकवाडीच्या ताईंचं आणि निपाणीच्या बाईंचं वाचताना ती लक्ष देऊन ऐकत होती. तिचं म्हणणं आता असं आहे की कोडिंगची तिला आवड अशी नाहीच, बाबा म्हणतात म्हणून बीसीए होतं. हिशोब तिला आवडतो, दुकानाचा हिशोब तीच बघते. तर बी.कॉम. सकाळचं कॉलेज बेळगावात आणि दुपारी टॅक्सच्या ऑफिसात, असं बाबांसमोर मांडणार आहे. ३५ हजारांचा कोर्स नाही म्हणून सांगून टाकलं.

ताई, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पहिल्या वर्षाची मुलगी तुम्ही किंवा ओळखीचं कुणी ठेवून घेईल का, सुरुवातीला पगार नसला तरी चालेल? आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी तिनं काय वाचावं?

सेटर दादा, माझ्या दुकानाचं पण तुमच्यामुळं थोडं डोक्यात आलंय. उतारा आणि नोंदीचे कागद तपासून सोप्या मराठीत लिहून द्यायचं काम वेगळं लावून बघतो, टायपिंगचा दर वेगळा आणि तपासण्याचा वेगळा.

---

टिळकवाडी_अकौंट्स

फुकट कुणाकडं काम करायला लावू नका तिला, बस-जेवणापुरतं तरी मिळालंच पाहिजे, मी देते तेवढं. मेसेज करा, एकदा घेऊन या ऑफिसात, बाबांना पण आणा.

वाचायचं म्हणाल तर आधी तुमच्याच दुकानाची वर्षभराची खरेदी-विक्रीची बिलं हातानं वहीत लिहून नफा-तोटा काढू दे, सॉफ्टवेअर न वापरता. मग तेच एआयला घालून बघू दे आणि फरक कुठं येतो तो शोधू दे. ती वही घेऊन या येताना.